सहा वर्षांनी परतले, त्याला दहा महिने झाले: ओल्ड स्कूल रूनस्केपचा अनुभव

ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन खेळात लॉग इन केलं तेव्हा माझं पात्र जिथे सोडलं होतं तिथेच उभं होतं. कॅथरबीचा किनारा, बँक हाकेच्या अंतरावर, आणि अठ्ठावीस खणांच्या पिशवीत एक लॉब्स्टर पॉट आणि पंधरा कच्चे लॉब्स्टर. २०१९ मध्ये कधीतरी पकडता पकडता उठून गेले असेन. मध्ये सहा वर्षं गेली होती. काही सुचेना, म्हणून उरलेले बारा पकडले, पिशवी भरली आणि बँकेत नेऊन ठेवली. माझं परत येणं तिथेच झालं. कुणी काही दिलं नाही, कुणी काही विकायलाही आलं नाही.

हे इतकं तपशिलात लिहितेय कारण त्याच्या आदल्याच महिन्यात मी दुसऱ्या एका ऑनलाइन खेळात परतायचा प्रयत्न केला होता. त्याचं नाव देत नाही. 'तुमची खूप आठवण येते' अशा मेल वर्षभर येत होत्या, एकदा मनावर घेतलं. उघडल्या उघडल्या एकावर एक सात खिडक्या आल्या: नवा बॅटल पास (पैसे भरून बक्षिसं उघडायचा परवाना), नवं चलन, परतणाऱ्यांसाठी खास पेटी, ती उघडायला आणखी एक चलन. त्या बंद करून आत गेले तर ज्या हत्यारासाठी मी आख्खा एक हिवाळा घालवला होता ते आता पहिल्याच टप्प्यावर फुकट मिळणाऱ्या हत्यारापेक्षा कमजोर निघालं. ज्या नकाशावर आमचा गट रोज भेटायचा तो काढून टाकलेला. मित्रांची यादी पूर्ण करडी. चाळीस मिनिटांत बाहेर पडले आणि खेळ काढून टाकला. राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. आपण इथे कधी नव्हतोच असं वाटायला लावणारी ती जागा होती.

दोन्ही अनुभव पाठोपाठ आले म्हणून डोक्यात प्रश्न पक्का झाला: गेलेला खेळाडू परत आणायचा तर नक्की काय करावं लागतं? दहा महिने खेळून, क्लॅनमधल्या (खेळाडूंच्या गटातल्या) जुन्यांशी बोलून जे दिसलं ते मांडते.

आधी थोडा इतिहास, कारण या खेळाने खेळाडू गमावलेही होते आणि परतही आणले. रूनस्केप जानेवारी २००१ मध्ये आला. २००७ च्या शेवटी जॅगेक्स कंपनीने खऱ्या पैशांत चालणारा सोन्याचा व्यापार आणि बॉट (माणसाऐवजी खेळणारे प्रोग्राम) यांना आळा घालायचा म्हणून खेळाडूंमधला मुक्त व्यापार बांधून टाकला आणि वाइल्डरनेस या भागातली खेळाडूंमधली जुनी लढाई काढली. दुखणं खरं होतं, पण मित्राला मनापासून एखादी मौल्यवान वस्तू देणंही त्या औषधाने बंद झालं. फेब्रुवारी २०११ मध्ये दोन्ही गोष्टी परत आल्या, त्याही दहा लाखांहून जास्त मतं पडल्यावर. मग नोव्हेंबर २०१२ मध्ये लढाईची आख्खी पद्धतच बदलली आणि पुन्हा माणसं गेली. तेव्हा कंपनीने जे केलं ते मला आजही मोलाचं वाटतं. ऑगस्ट २००७ चा एक बॅकअप जपलेला सापडला होता. तो पुन्हा सुरू करावा का, असं फेब्रुवारी २०१३ मध्ये थेट खेळाडूंना विचारलं. चार लाखांहून जास्त मतं पडली. मतदान संपायची वाटही न बघता २२ फेब्रुवारीला सर्व्हर उघडले. तोच हा ओल्ड स्कूल रूनस्केप.

यातली एक बाब लोक विसरतात. जग २००७ चं परत आलं, पण खाती परत आली नाहीत. सगळे ट्यूटोरियल आयलंड या सुरुवातीच्या बेटापासून, सगळे शून्यावर. कोण कुणापेक्षा पुढे, हा प्रश्नच त्या दिवशी नव्हता. मी २०१५ ला आले, त्यामुळे ते दिवस पाहिले नाहीत; क्लॅनमधल्या ज्यांनी पाहिले ते लंब्रिज या पहिल्या गावाच्या अंगणातली गर्दी आजही रंगवून सांगतात.

आता माझ्या स्वतःच्या परतण्याबद्दल. पहिल्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त आधार कशाचा झाला असेल तर क्वेस्टच्या (खेळातल्या गोष्टीरूप कामगिऱ्यांच्या) वहीचा. यादीत न सुरू केलेल्या क्वेस्ट लाल, अर्धवट पिवळ्या, पुऱ्या झालेल्या हिरव्या. पिवळ्या नावावर टिचकी मारली की वही उघडते आणि त्यात मी केलेली कामं खोडलेल्या ओळींत दिसतात. त्याखाली पुढचं काम न खोडलेलं. सहा वर्षांपूर्वीच्या मीने आजच्या मला निरोप लिहून ठेवावा तसं वाटलं. कुणाशी बोलायचं होतं, काय न्यायचं होतं, सगळं तिथे होतं. अडलंच तर छोट्या नकाशाजवळच्या विकीच्या बटणावरून खेळाडूंनीच लिहिलेलं पान उघडतं. परत येणाऱ्याची बोटं बटणं विसरलेली असतात, पण त्याहून जास्त तो हे विसरलेला असतो की आपण कशाच्या मागे होतो. ते आठवण करून देणारा पडदा दुसरा कुठला खेळ देत असेल तर मला बघायला आवडेल. बहुतेक ठिकाणी त्याच जागी दुकान असतं.

दुसरी गोष्ट तासांची. इथे एखाद्या स्किलची (मासेमारीसारख्या कौशल्याची) ९९ लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ इतका अनुभव लागतो आणि ९२ ला पोचलात की जेमतेम अर्धा रस्ता झालेला असतो. हा आकडा मी गेले तेव्हा होता तोच आजही आहे. माझी ८३ ची मासेमारी ८३ च राहिली आणि तिची किंमतही तीच राहिली. २००५ मध्ये आलेला अबिसल व्हिप हा चाबूक आजही लोक हातात धरतात. त्याहून भारी हत्यारं आली, पण तो भंगारात गेला नाही. नव्या वस्तू जुन्यांच्या शेजारी येऊन बसतात, डोक्यावर नाही. दर अपडेटला कमाल लेव्हल वाढवून जुनं सगळं मोडीत काढणारे खेळ नेमकं हेच विसरतात: माणूस लेव्हल कमावत नाही, त्यासाठी घातलेला वेळ कमावतो. तो वेळ तुम्ही रद्द केलात तर कुठल्याही भेटपेटीने भरून येत नाही.

अर्थात हा संथ खेळ आहे. सर्व्हरचा ठोका ०.६ सेकंदांचा, सगळं त्या टिकवर चालतं. ज्याला वीस मिनिटांचा चुरशीचा सामना हवा, त्याच्या स्वभावाचा हा खेळ नाही.

माणसांवर मात्र थांबायला हवं, कारण खरी मेख तिथे आहे. इथल्या मित्रयादीत गैरहजर माणूस लाल दिसतो आणि हजर असला की हिरवा (दुसऱ्या वर्ल्डमध्ये, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर, असेल तर पिवळा), बाजूला तो कुठल्या वर्ल्डमध्ये आहे त्याचा आकडा. मी परतले तेव्हा अकराच्या अकरा नावं लाल होती. पहिले तीन आठवडे तशीच. खेळ चांगला असूनही त्या तीन आठवड्यांत मी दोनदा सोडायच्या बेतात होते. शेवटी एका जुन्या मैत्रिणीला फोन केला. तिने सांगितलं, "मी सोडला नव्हता गं, मूल झालं. मग वाटलं, आता तुम्ही सगळे फार पुढे गेला असाल."

हे वाक्य खेळ बनवणाऱ्यांनी भिंतीवर लावावं असं मला वाटतं. आमच्या अकरांपैकी रागावून गेलेले दोघे होते. बाकीच्यांची नोकरी बदलली, घरचं आजारपण निघालं, परीक्षा आल्या. ते भांडून गेले नव्हते, मागे पडले होते, आणि मागे पडल्याची लाज त्यांना अडवत होती. रागावलेल्याला चूक कबूल केलेली हवी असते, बिघडवलेलं परत दुरुस्त केलेलं हवं असतं. मागे पडलेल्याला हवा असतो सगळ्यांच्या बरोबरीने पाऊल टाकायचा एक मुहूर्त. दोघांना एकच मेल पाठवून काय होणार?

तो मुहूर्त आम्हाला दोनदा मिळाला. एकदा ग्रुप आयर्नमॅनमुळे. ही पद्धत ऑक्टोबर २०२१ पासून आहे: दोन ते पाच जणांचा गट, सगळे नव्याने सुरुवात करणार, बाहेरच्या कुणाशी व्यापार नाही, गटाचं एक सामायिक कोठार. ती, मी आणि आणखी एक जुना मित्र असे तिघे बसलो. मूल झोपल्यावर ती फोनवरून अर्धा तास येते (मोबाइलवर हा खेळ ऑक्टोबर २०१८ पासून आहे, खातं तेच चालतं), लाकडं तोडते, कोठारात टाकते आणि जाते. सकाळी मी उघडते तर तिची लाकडं तिथे. आम्ही तिघे एका वेळी क्वचितच असतो, तरी एकत्र खेळतो. बाळंतपणातून, रात्रपाळीतून, परीक्षेतून परतणाऱ्या माणसासाठी यापेक्षा चांगली सोय मी दुसऱ्या खेळात पाहिली नाही.

दुसऱ्यांदा, नोव्हेंबर २०२५ मध्ये सेलिंग हे नवं स्किल आलं तेव्हा. ओल्ड स्कूल सुरू झाल्यापासूनचं पहिलं पूर्ण नवं स्किल. आधी २०१४ आणि २०१९ मध्ये एकेक नवं स्किल मांडून पाहिलं होतं, खेळाडूंनी मतदानात नाकारलं आणि कंपनीने मुकाट मागे घेतलं. सेलिंगला २०२३ मध्ये कौल मिळाला. तर ज्या दिवशी ते आलं त्या दिवशी बारा वर्षं रोज खेळणाऱ्याची लेव्हल १ आणि माझ्या मैत्रिणीचीही लेव्हल १. बंदरावर ही झुंबड. त्या आठवड्यात आमच्या यादीतली आणखी तीन नावं हिरवी झाली.

मतदानाबद्दल सांगायचं राहिलं. मोठा बदल खेळाडूंसमोर ठेवला जातो. पूर्वी ७५ टक्के होकार लागायचा, २०२२ पासून ७० टक्के. यामुळे चांगल्या कल्पनाही कधीकधी पडतात, हे खरं. पण परतणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा आहे: मी नसताना या घराच्या भिंती कुणी गुपचूप हलवल्या नाहीत, हलवल्या तर इथे राहणाऱ्यांना विचारून. २०२१ मध्ये एका चाहत्याने बराच काळ खपून बनवलेला एचडी प्लगइन (खेळाची चित्रं सुधारणारी जोड) कंपनीने अगदी प्रसिद्धीच्या तोंडावर थांबवला होता. खेळाडूंनी जोरदार निषेध केला आणि काही दिवसांत तो निर्णय फिरवून प्लगइनला परवानगी दिली. चूक झाली यापेक्षा ती किती लवकर मागे घेतली, हे लोक लक्षात ठेवतात. मुक्त व्यापार परत यायला तीन वर्षं लागली होती, इथे काही दिवस. स्टार वॉर्स गॅलेक्सीज या ऑनलाइन खेळाने २००५ मध्ये खेळाचा गाभाच बदलला, जुनं परत द्या म्हणून लोक घसा कोरडा करत राहिले, ते काही मिळालं नाही आणि २०११ च्या डिसेंबरमध्ये सर्व्हर बंद झाले.

फक्त जुन्या आठवणींवर मात्र फार काळ निभत नाही, असं माझं मत झालं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये फोर्टनाइटने जुना नकाशा परत आणला तेव्हा एका दिवसात ४.४७ कोटी खेळाडू आले. आठवण माणसाला दारापर्यंत आणते, इतकी तिची ताकद आहेच. पण आत आल्यावर जोडीला कुणीतरी हवं. फायनल फँटसी १४ या ऑनलाइन खेळाची एक युक्ती यासाठी मला फार आवडते. तिथे गटाने लढायच्या जुन्या अंधारकोठड्यांपैकी रोज कोणत्या तरी एकीत जाण्याबद्दल मुरलेल्या खेळाडूंना बक्षीस मिळतं आणि आत गेल्यावर त्यांची ताकद त्या जागेच्या पातळीला उतरवली जाते. त्यामुळे नवा किंवा उशिरा परतलेला माणूस कितीही मागे असला तरी त्याला गट मिळतो. हाच खेळ २०१० मध्ये इतका वाईट निघाला होता की २०१२ मध्ये बंद करून ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने उभा करावा लागला. त्यांना रिकाम्या जगाची किंमत कळली होती.

मी सोडलेल्या त्या दुसऱ्या खेळाने मला विचारलं असतं तर एवढंच मागितलं असतं: सात खिडक्या काढा. माझं हत्यार परत वापरता येईल असं करा, निदान ज्या मैदानात ते चालतं असं एक मैदान ठेवा. आमचा नकाशा आठवड्यातून एक दिवस उघडा. आणि माझा जुना मित्र परतला तर मला कळवा. त्या एका निरोपासाठी मी मेल उघडेन.

तुम्ही ओल्ड स्कूलमध्ये परतायच्या विचारात असाल तर जुनं खातं असताना एकट्याने खेळायला नवं काढू नका. पहिल्या दिवशी बँक आवरायला बसू नका, त्यातच संध्याकाळ जाते आणि दमायला होतं. वहीतली एखादी पिवळी क्वेस्ट काढा आणि ती हिरवी करा. मग मित्रयादीतलं एक लाल नाव निवडा आणि त्या माणसाला खेळाबाहेर, फोनवर विचारा. आमच्या अकरांपैकी सध्या सहा येतात. उरलेल्या पाचांपैकी दोघांना मी अजून विचारलेलं नाही. या शनिवारी विचारणार आहे.