सिरॅमिक सांगून भलतेच ब्रेक पॅड गळ्यात मारले : इंदूरमधला माझा अनुभव

गाडी माझी आहे, 2017 ची हॅचबॅक, आणि चालवतेही मीच. लोकमान्य नगरहून शाळेत जाऊन येऊन रोजचे 22 किलोमीटर. मागच्या दिवाळीनंतर पुढच्या डाव्या चाकातून ब्रेक लावताना कुईऽऽ असा आवाज यायला लागला. शाळेच्या फाटकाशी गाडी हळू केली की मुलं वळून बघायची. चाकांवर काळी भुकटीही बसायची, आज पुसली तरी चार दिवसांत पुन्हा तीच. कुणीतरी सांगितलं, सिरॅमिक पॅड टाका, आवाज आणि भुकटी दोन्ही जातील. पॅड म्हणजे ब्रेक लावला की चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, डिस्कला, दोन्हीकडून दाबून धरणारे तुकडे. सल्ला चुकीचा नव्हता. त्यापुढे जे झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या आणखी दोन घरांत असंच घडल्याचं कळलं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. गाडीचं सामान विकतात आणि बाहेरच जॅक लावून बसवूनही देतात. फोनवर भाव विचारला तर 1,450 म्हणाले. तिथे गेल्यावर भिंतीवर एका स्पोर्ट्स कारचं मोठं पोस्टर, पिवळे कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा ब्रेकचा भाग), आणि खाली ‘सिरॅमिक’. मालक म्हणाला, “मॅडम, यही टेक्नॉलॉजी है, गाडी आधे में रुकेगी.” हे साफ खोटं होतं, पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. त्या महागड्या गाड्यांना कार्बन-सिरॅमिकची डिस्क असते, ती लाखांत जाते. आपल्या गाडीची डिस्क बिडाचीच राहते, फक्त तिला दाबणारा पॅड सिरॅमिकचा येतो. नावात एक शब्द सारखा आहे, म्हणून वस्तू एक होत नाही.

डबा मात्र झकास होता. चकचकीत, वर क्यूआर कोड. तो मी स्कॅनही केला, एका कंपनीचं पहिलं पान उघडलं आणि माझं समाधान झालं. पॅड फिकट राखाडी रंगाचे होते, सिरॅमिक असेच फिकट दिसतात असं मी वाचलं होतं. “आप अंदर बैठिए, यहाँ धूल है” म्हणून मला आत बसवलं. पाऊण तासाने चिठ्ठी हातात आली: पॅड 4 नग, 1,450 प्रमाणे 5,800, डिस्क फेसिंग (डिस्क घासून सपाट करणं) 900, मजुरी 600. एकूण 7,300. फोनवरचा भाव एका नगाचा होता म्हणे! पॅड कधीही नगावर विकत नाहीत. पुढच्या दोन चाकांचे चार पॅड मिळून एक सेट होतो आणि भाव सेटचाच सांगतात. माझ्यासारख्या बहुतेक गाड्यांना मागे ड्रम असतात, तिथे पॅड नसतातच, लायनर असतात. पण गाडी जॅकवर, शाळेची वेळ होत आलेली, मी यूपीआयने पैसे दिले आणि निघाले. जुने पॅड मागितले तर “भंगारात गेले”. ते अर्धे तरी शिल्लक होते का, हे आता कधीच कळणार नाही.

महिनाभर गावात गाडी ठीक चालली. आवाज बंद झाला होता, आणि मला तेवढंच हवं होतं.

डिसेंबरात सासूबाईंना ओंकारेश्वरला घेऊन निघाले. सिमरोळ मागे पडलं की भेरूघाट लागतो, माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता निमाडात उतरायला लागतो. पुढे लाकडाने भरलेला ट्रक होता, त्याच्या मागे सारखा ब्रेक लावत उतरत होते. चौथ्या-पाचव्या वळणावर मागून सासूबाई म्हणाल्या, “अगं, काही जळतंय का?” रबर जळल्यासारखा तिखट वास मलाही आला. पुढच्या वळणाला पॅडल दाबलं. पॅडल खाली गेलं नाही. ते दगडासारखं घट्ट होतं, मी पूर्ण पाय देऊन दाबत होते आणि गाडी पुढेच जात होती. ट्रकचा मागचा फळा, त्यावर लटकवलेली काळी चप्पल, सगळं मोठं मोठं होत आलं. गिअर दुसऱ्यात टाकला, हँडब्रेक थोडा थोडा ओढला, आणि डाव्या अंगाच्या मातीत गाडी घातली. थांबली. सासूबाई ‘नर्मदे हर’ म्हणत होत्या, माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पुढच्या चाकांतून धूर येत होता. तासभर तिथेच बसलो, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरवर बडवाहला उतरलो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या नानांनी चाक काढलं. नानांची तीस वर्षं पीथमपूरच्या कारखान्यात गेली, हात अजून पक्का आहे. पॅड बाहेर काढून त्यांनी उन्हात धरला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. राखाडी रंग कडेने जळून सोलला होता. म्हणजे तो वरून मारलेला रंगच होता. आत काळं मटेरियल, त्यात लोखंडाचे चमकणारे कण, आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला, त्यावर केसाएवढ्या भेगा. एका पॅडचं मटेरियल लोखंडी पट्टीपासून सुटायला लागलं होतं, फटीत माझं नख सहज गेलं. पट्टीच्या मागे जिथे अक्षरं असायला हवीत तिथे ग्राइंडर फिरवलेला होता.

मग नानांनी माझ्या मुलाच्या खेळण्यातला लोहचुंबक मागवला. तो नुसता पॅडला लावून काही कळत नाही, कारण मागची पट्टी लोखंडाचीच असते, तो चिकटणारच. त्यांनी वर्तमानपत्रावर पॅडचं मटेरियल कानशीने घासलं, चिमूटभर भुकटी पाडली आणि कागदाखालून चुंबक फिरवला. भुकटी साळिंदरासारखी ताठ उभी राहिली आणि चुंबकामागे सरकत गेली. “सूनबाई, सिरॅमिकमध्ये पोलादी तंतू घालतच नाहीत,” नाना म्हणाले. “हा साधा सेमी-मेटॅलिक आहे, तोही धड भाजलेला नाही.”

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. सेमी-मेटॅलिक पॅड वाईट नसतो. त्यात धातू वजनाने 30 टक्क्यांपासून 65 टक्क्यांपर्यंत असतो, तो उष्णता चांगली वाहून नेतो, जड वाहनांना आणि घाटाला उपयोगी पडतो. आवाज आणि भुकटी मात्र जास्त. सिरॅमिकमध्ये सिरॅमिक तंतू, लोखंड नसलेलं भरण आणि ते बांधून ठेवणारं रेझिन असतं. तो शांत चालतो, भुकटी कमी आणि फिकट पडते, डिस्क कमी खातो. रोज गावात चालवणाऱ्याला तो सोयीचा आहे. पण गाडी अर्ध्या अंतरात थांबवणं हे त्याचं काम नाही, थंड असताना त्याची पहिली पकड उलट थोडी सौम्यच वाटते. माझ्या गाडीतलं मटेरियल दोन्हींपैकी कशालाच लायक नव्हतं. कच्चं राहिलेलं रेझिन तापलं की त्यातून वायू सुटतो, पॅड आणि डिस्कच्या मध्ये त्याचा थर बसतो आणि पकड जाते. म्हणून पॅडल घट्ट आणि गाडी मोकाट. ब्रेक ऑइल उकळलं असतं तर पॅडल मऊ होऊन खाली बसलं असतं. हा फरक घाटात उतरणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा.

डिस्क फेसिंगचे 900 रुपयेही हवेतच गेले. डिस्क उतरवलीच नव्हती, तिच्या मधल्या बोल्टवरचा जुना गंज जसाच्या तसा होता. आणि मुळातला तो कुईऽऽ आवाज? कॅलिपरच्या पिना कोरड्या पडून अडकत होत्या. नानांनी त्या साफ करून ग्रीस लावलं, पन्नास रुपयांचं काम. नव्या पॅडांनी तो आवाज महिनाभर झाकला होता, इतकंच.

दुकानात परत गेले तर “घाट में तो सबके ब्रेक गरम होते हैं”. चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, ‘सिरॅमिक’ हा शब्दसुद्धा नाही. यूपीआयचे पैसे भलत्याच कुणाच्या खात्यात गेलेले. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर फोन केला, तिथे नीट ऐकून घेतलं आणि आधी बिल मागितलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. तेच धरून आणि यूपीआयची नोंद जोडून मी तक्रार केली. चार दिवसांत दुकानातून फोन आला, दोन हजार घ्या आणि मिटवा. मी नाही म्हटलं. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही, मी कागद तयार करते आहे.

नवे पॅड घेताना मी आधी पक्कं बिल मागितलं, त्यावर ‘सिरॅमिक’ आणि पार्ट नंबर लिहून घेतला. पॅड बसवायच्या आधी पाठ फिरवून बघितली, अक्षरं शाबूत होती. शेवटी ‘एफएफ’ होतं. पहिलं अक्षर साधारण तापमानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. एफ म्हणजे घर्षणांक 0.35 ते 0.45, ई म्हणजे 0.25 ते 0.35. पॅड सिरॅमिक आहे की नाही हे त्यावरून कळत नाही, पण ग्राइंडर मारून ती अक्षरं पुसण्याची गरज प्रामाणिक दुकानदाराला पडत नाही. या वेळी मी चाकाजवळ उभी राहिले, धूळ खाल्ली, आणि जुने पॅड पिशवीत घालून घरी आणले. डब्यातल्या कागदाप्रमाणे बायपासजवळच्या मोकळ्या रस्त्यावर पहाटे 50 वरून 10 पर्यंत हलकेच ब्रेक लावत, मध्ये गाडी थंड होऊ देत, पॅड रुळवून घेतले. हेही मला पहिल्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

ते चार रंगवलेले पॅड नानांच्या ओसरीत कागदात गुंडाळून ठेवले आहेत, शेजारी कानस आणि चुंबक. त्याच दुकानातून कुणी पॅड बसवले असतील तर संध्याकाळी सहानंतर गाडी घेऊन या. चाक काढायला नाना तयार आहेत.