कास्ट आयर्न बुलेट ३५०: बाजारातलं नवं हेड, उन्हाळा काढल्यावरचं मत

इंजिन तेच: सिलिंडर ओतीव लोखंडाचा (म्हणून ‘कास्ट आयर्न’), त्यावरचं झाकण म्हणजे हेड मात्र ॲल्युमिनियमचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी, व्हीएम २४ कार्बोरेटर. साधं रोजच्या वापराचं काम: बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन-रिंगा, आणि वर व्हॉल्व्ह-गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) बसवून आलेलं तयार हेड. जुन्या हेडला गाईड, सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) आणि प्लगच्या आट्या सगळंच लागत होतं. तो खर्च नव्याच्या जवळ जात होता, म्हणून नवं.

हिवाळाभर बोट ठेवायला जागा नव्हती. किक हलकी, धूर नाही, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना खालून उचलणारे भाग) शांत.

ऊन चढलं तसं मत फिरलं. जालना रोडला सलग पळवली की ताकद जाते, सायलेन्सरात फटाके वाजतात, किकला कॉम्प्रेशनच लागत नाही. सावलीत गार झाली की पुन्हा ठणठणीत. अशा वेळी कॉइल, पॉइंट, कार्बोरेटर बदलत बसू नका. गाडी बंद पडल्या पडल्या टॅपेटचं झाकण उघडा आणि पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा (जळका धूर बाहेर सोडणाऱ्याचा) पुशरॉड, म्हणजे तो उघडणारा उभा दांडा, भलताच सैल हलत असेल, तर व्हॉल्व्ह गाईडात अडकून उघडा राहिलाय.

कारण एकच: गाईडला रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) नीट मारलेला नाही. एक्झॉस्टची दांडी इनलेटपेक्षा जास्त तापते, जास्त फुगते, म्हणून तिला फटही जास्त लागते. इथे दोन्ही गाईड सारखेच घट्ट. विकणारा म्हणतो, ‘रनिंगमध्ये मोकळं होईल.’ होत नाही! दांडीवर ओरखडे उठतात, त्यात कार्बन बसतो आणि व्हॉल्व्ह आणखी धरतो. हेड विकत घेतानाच स्प्रिंग काढायला लावा. दांडीला तेलाचं बोट लावून व्हॉल्व्ह थोडा उचला आणि सोडा. स्वतःच्या वजनाने खाली यायला हवा, पण आडवा खुळखुळता कामा नये. ढिला असेल तर तेल खाईल. थ्रॉटल सोडल्यावर निळा धूर दिसेल.

उपाय स्वस्त आहे. रीमर हाताने, थोडा थोडा, तेल लावून. मग व्हॉल्व्ह सीटवर घासून पोर्टात (हेडमधल्या वायूच्या वाटेत) रॉकेल ओता. पाच मिनिटांत सीटमधून पाझर दिसला तर पुन्हा घासा. गाईडच बदलायचं ठरलं तर हेड तापवून, गाईड फ्रीजरमध्ये गार करून बसवा. गार हेडात हातोड्याने ठोकलं की ॲल्युमिनियम ओरबाडतं. नव्या गाईडनंतर ४५ अंशाची सीट परत कापावीच लागते, कारण कटरचा मध्य गाईडच ठरवतं.

रीमरनंतर मेच्या उन्हात कन्नडचा घाटही न अडखळता चढते. म्हणजे ओतकाम आणि सीट चांगली आहे, वाईट आहे ते शेवटचं फिनिशिंग. तरीही कंपनीचं जुनं हेड तडकलेलं नसेल आणि फक्त आट्या गेल्या असतील, तर हेलिकॉइल (आट्यांसाठी तारेची गुंडाळी) टाकून तेच वापरा. पोर्ट मोठं करून घेऊ नका. व्हीएम २४ वर हवेचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमची ओढ जाते.

हेड बसवल्यावर दोन-तीनशे किलोमीटरने, इंजिन पूर्ण गार असताना, नट कोपऱ्याकोपऱ्याने परत आवळा. टॅपेट त्यानंतरच ॲडजस्ट करा: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, वर-खाली मात्र अजिबात हलता कामा नये.