पेटोनीतली आमच्या कोपऱ्यावरची डेअरी

पन्हाळ्याच्या पायथ्याशी, आमच्या गावात डेअरी म्हणजे दूध घालायची जागा. सकाळ-संध्याकाळ किटल्यांची रांग, फॅट लावायचं, पुस्तकात लिटर मांडून घ्यायचे, दहा दिवसांनी बिल. सहा वर्षांपूर्वी न्यूझीलंडला, वेलिंग्टनजवळच्या पेटोनीत राहायला आलो, तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "ब्रेड ना? डेअरीत मिळेल." मला उलगडाच होईना. इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. एके काळी शनिवार-रविवारी बाकीची दुकानं कायद्याने बंद असायची. दूध, ब्रेड, आइस्क्रीम विकणाऱ्यांना मात्र मुभा होती. त्यातून हे नाव रुळलं.

या दुकानाबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण हा देश मला बराचसा या गल्ल्याशी उभं राहून कळला.

दुकान लहान. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने फ्रीजला चिकटून उभं राहायचं. मालकीणबाई नवसारीकडच्या, इथे येऊन तीस वर्षं झालेली. मी त्यांना बेन म्हणते, त्या मला दीकरी म्हणतात. काचेच्या पेटीत गरम पाई, मागे आइस्क्रीमचे डबे, गल्ल्याजवळ कागदी पिशव्यांत भरून ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटं. इथली पोरं त्याला लॉली मिक्स्चर म्हणतात. शुक्रवारी गल्ल्यामागच्या बादलीत कोथिंबिरीच्या जुड्या असतात. त्या मागाव्या लागतात, बाहेर मांडलेल्या नसतात. कोथिंबीर कायम ताजी, देठ करकरीत. ब्रेडची मात्र तारीख बघून घ्या, मला दोनदा आदल्या दिवशीचा मिळालाय.

बोली मी इथेच शिकले. पहिल्यांदा पैसे दिले तेव्हा बेनचा मुलगा म्हणाला, "स्वीट ॲज." मी पुढचा शब्द यायची वाट बघत थांबले. पुढे काही नसतंच. "छान, झालं काम" एवढाच त्याचा अर्थ. "चर" म्हणजे थँक्यू, "चॉका" म्हणजे गच्च भरलेलं, "टॉग्ज" म्हणजे पोहायचे कपडे, "चिली बिन" म्हणजे सहलीला न्यायचा थंडपेयांचा डबा. "येह, नाह" समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आधी हो, मग नाही. आपल्याकडे कोणी जेवायला बोलावलं आणि आपण "हो हो, बघू" म्हटलं, तर यजमानांना कळतं ना, हे येत नाहीत म्हणून? तसंच ते. समोरच्याला न दुखवता दिलेला नकार. हे कळल्यावर इथली माणसं मला एकदम जवळची वाटायला लागली.

पाईबद्दल. मिन्स अँड चीज घ्या. वरचं आवरण खुसखुशीत, आत खिम्याचा दाट रस्सा आणि वितळलेलं चीज. पण लगेच चावा घेऊ नका. २००९ साली टीव्हीवरच्या पोलिसांच्या एका कार्यक्रमात एका सार्जंटने पहाटे तीन वाजता पाई आणायला निघालेल्या पोराला बजावलं होतं, की पाई नेहमी फुंकून खायची. ते वाक्य देशभर गाजलं. आजही या दुकानात कोणी पाई उचलली की रांगेतलं कोणीतरी ते म्हणतंच. आतला रस्सा खरोखर जीभ भाजतो, म्हणून मीही माझ्या मुलाला रोज तेच सांगते.

आइस्क्रीममध्ये हॉकी पोकी. व्हॅनिलात साखरेच्या जाळीदार चिक्कीचे बारीक खडे, दाताखाली कुरकुरणारे. मागच्या उन्हाळ्यात डीप फ्रीजचं झाकण नीट बसत नव्हतं, तेव्हा आइस्क्रीमवर बर्फाचे काटे यायचे. बेनला सांगितलं, आठवड्यात रबर बदललं. सोबत एल अँड पी हे लिंबाचं पेय घ्या. त्याच्या नावातला पी म्हणजे पायरोआ गाव, तिथल्या झऱ्याच्या पाण्यावरून ते सुरू झालं. बाटलीवर लिहिलेलं असतं, "न्यूझीलंडमध्ये जगप्रसिद्ध". हे वाक्य मला फार आवडतं. जेमतेम पन्नास-पंचावन्न लाख माणसांच्या देशाला आपल्या गावाचं कौतुक करायला बाहेरच्या कोणाची परवानगी लागत नाही.

४ डिसेंबर २०२१ ची संध्याकाळ मी इथेच होते. वानखेडेवर कसोटी चालू होती आणि एजाज पटेल एकामागून एक विकेट घेत होता. जन्म मुंबईचा, खेळतो न्यूझीलंडकडून. इथे रात्रीचे आठ वाजून गेलेले, बाहेर अजून उजेड. बेनच्या फोनवर स्कोअर, भोवती आम्ही सहा-सात जण. दहावी विकेट पडली, ११९ धावांत दहा, आणि कामावरून घरी निघालेला एक माओरी (इथल्या मूळ रहिवाशांपैकी) बसचालक ओरडला, "टू मेके!" म्हणजे भारीच, कमालच. समोर भारताचा डाव संपला होता, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुंबईचाच पोरगा होता तो.

आता नाताळ. इथे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. शाळा नाताळच्या आधी सुटतात त्या थेट जानेवारी संपताना भरतात. म्हणजे नाताळ आणि आपला मे महिना एकदमच येतात. आपल्याकडे सुट्टीत गुलमोहर फुलतो, तसा इथे समुद्रकाठी पोहुतुकावा लाल होतो आणि त्याचे केसर रस्त्यावर सडा घातल्यासारखे पडतात. पोरं ओल्या टॉग्जमध्ये, अनवाणी दुकानात शिरतात. त्याला कोणी हरकत घेत नाही. दारात खिळ्याला रबरी चपला लटकवलेल्या असतात, त्यांना इथे जँडल म्हणतात. जपानी सँडलवरून आलेला शब्द.

२५ डिसेंबरला सुपरमार्केट कायद्याने बंद. १९९० च्या कायद्याप्रमाणे वर्षात साडेतीन दिवस दुकानं बंद ठेवायची असतात, आणि त्यातून डेअरीला सूट आहे. गेल्या नाताळला शेजारच्या आजींनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मी बॉयझनबेरी घालून श्रीखंड केलं होतं. रात्रभर दही टांगलेलं, वेलदोडा कमी, कारण बेरीचा वास राहायला हवा. आजींनी पावलोव्हा केला होता, अंड्याच्या पांढऱ्याचा तो हलका केक. सकाळी दहाला त्या कुंपणाशी आल्या, चेहरा उतरलेला. क्रीम नासलं होतं. दरवर्षी त्या हाच पावलोव्हा करतात, आजोबा गेल्यापासूनही. मी पळत डेअरीत गेले. क्रीमच्या दोनच बाटल्या उरल्या होत्या. बेननी दोन्ही दिल्या आणि पैसे एकीचेच घेतले. "आजीला मेरी ख्रिसमस सांग," एवढंच म्हणाल्या.

महाग आहे का? आहे. बऱ्याच वस्तू सुपरमार्केटपेक्षा डॉलर-दीड डॉलरने जास्त. मी तरी इथेच घेते. गेल्या काही वर्षांत डेअऱ्यांवर दरोडे पडलेत. २०२२ च्या नोव्हेंबरात ऑकलंडच्या सँड्रिंगहॅममध्ये डेअरीत काम करणाऱ्या एका माणसाचा जीव गेला. त्या आठवड्यात बेन गप्प गप्प होत्या आणि गल्ल्यावर लोकांनी आणून ठेवलेली फुलं होती. आता छताला धूर सोडणारं यंत्र बसवलंय, चोर शिरला तर क्षणात काही दिसेनासं होतं. त्याच्या खाली बेन उभ्या असतात आणि अनवाणी पोरांना लॉली मोजून देतात. हे बघून मला त्यांच्याबद्दल फार वाटतं.

जाणार असाल तर रोख ठेवा, दहा डॉलरच्या आत कार्ड चालत नाही. पाई दुपारी एकच्या आत संपतात. आणि नाताळला क्रीम हवं असेल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा, त्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंतच उघडं असतं.