कोपऱ्यावरची डेअरी: चक्का घ्या, मडक्यातलं दही नको

पाडव्याला आणि दसऱ्याला आमच्या कोपऱ्यावरच्या डेअरीसमोर रांग लागते ती सुट्या चक्क्यासाठी, आणि चक्का आहेच तसा. घट्ट, मऊ, बोटाने दाबला तरी पाणी सोडत नाही. नीट न निथळलेला चक्का फ्रिजमध्ये ठेवला की डब्याच्या तळाशी पाणी साचतं आणि श्रीखंड पातळ होतं. इथे ती तक्रार नाही.

आंबटपणा मात्र फ्रिजमध्येही रोज थोडा चढतोच. विरजणातले जिवाणू ४ अंशांवर मरत नाहीत, नुसते मंदावतात. त्यामुळे चक्का सणाच्या आदल्या दिवशीच आणावा. आधी आणलाच, तर साखर घालून श्रीखंड करून ठेवावं. साखर पाणी धरून ठेवते, म्हणून श्रीखंड चक्क्यापेक्षा जास्त टिकतं.

मडक्यातलं दही दिसायला देखणं. माती पाणी शोषते, त्यामुळे पहिल्या दिवशी अगदी सुरीने कापावं असं. पण झाकण म्हणजे कागद आणि रबरबँड! फ्रिजमध्ये चिरलेल्या कांद्याचा वास लगेच धरतं, आणि मडक्याच्या ओल्या काठाला हिरवट बुरशी आली. काउंटरवरचे काका म्हणाले, "वरचं काढून खा ताई, काही होत नाही." होतं, काका. मऊ, ओलसर पदार्थात बुरशी दिसते त्याच्या खालीही पोचलेली असते. मडक्यासकट फेकलं.

त्यांच्या साध्या डब्यातल्या दह्यावर पाणी सुटतं, ते मात्र खराबी नव्हे. ढवळून घ्या, नाहीतर ते पाणी कणकेत घाला. दही आंबट ढाण झालं तर कढी आहेच. फुगलेलं झाकण, दारूसारखा वास किंवा गुलाबी-नारिंगी डाग दिसले की मात्र चव घेऊन बघायच्या भानगडीतही पडू नका.

खरी तक्रार तारखेची. सुट्या चक्क्याच्या पिशवीवर ती नसतेच. विचारलं की उत्तर ठरलेलं: "आजचाच आहे." यांचा चक्का रोजच आजचा! शिवाय ऐन उन्हाळ्यात चक्क्याचं पातेलं काउंटरवर उघडं असतं. आतल्या फ्रिजमधला मागा, कुरकुरत का होईना, देतात. आणि घरी आल्यावर फ्रिजच्या दारात ठेवू नका, दार सारखं उघडतं. आत, मागच्या बाजूला ठेवा, घट्ट झाकणाच्या डब्यात.