आठ महिने नेम्ड पाइपवर: फुकट आहे, पण एका ‘स्लीप’वर टांगलेलं

काल पहाटे माझं सर्व्हरवर बॅकग्राउंडला ठेवलेलं बॅश (टाइप केलेल्या कमांड चालवणारं शेल) सेशन मेलं. त्यात पीएसक्यूएल (पोस्टग्रेस डेटाबेसला कमांड देणारा प्रोग्राम) उघडं होतं आणि बिगिन केलेलं ट्रान्झॅक्शन कमिट व्हायचं होतं. सगळं रोलबॅक, म्हणजे केलेले बदल रद्द. रात्रभर ते तसं ठेवणं हाही माझाच गाढवपणा, पण राग यायचा तो आलाच.

मी इंदूरला, रामबागेतल्या घरून एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर बघतो. इथली लाइट गेली की नेट जातं, नेटबरोबर सेशन. नेट तुटलं तरी सेशन जिवंत ठेवणारं टीमक्स मागितलं तर त्यांचा अॅडमिन म्हणाला, “भिया, नया कुछ इंस्टॉल नहीं होगा.” पदरचे पैसे घालून वेगळं मशीन भाड्यानं घेणं मला पटणारं नव्हतं. नेम्ड पाइप (एका प्रोग्रामनं लिहायचं आणि दुसऱ्यानं वाचायचं अशी खास फाइल) बनवणारी मेकफिफो कमांड कोअरयुटिल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ कमांडींच्या संचात, असतेच. पाइप बनवला, नोहप (लॉगिन तुटलं तरी प्रोग्राम चालू ठेवणारी कमांड) लावून बॅश मागे सोडलं, इनपुट पाइपातून, आउटपुट लॉग फाइलमध्ये.

मग एको कमांडनं पाइपात एकेक ओळ लिहायची. पहिल्या एकोला उत्तर आलं. दुसरा एको नुसता अडकून बसला. ना एरर, ना काही. मी तीन दिवस नेटला दोष देत होतो! होतं असं, की एको संपला की पाइपचं लिहायचं टोक बंद होतं, बॅशला वाटतं इनपुट संपलं आणि ते आवरून निघून जातं. मग वाचणारं कुणी नसतं, म्हणून पुढचा एको पाइप उघडायलाच ताटकळतो. उपाय सगळ्यांना ठाऊक असलेला: स्लीप इन्फिनिटी (काही न करता कायम झोपून राहणारी कमांड) त्या पाइपाकडे वळवून मागे सोडा, टोक उघडं राहतं.

त्यानंतर मात्र मजा आली. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता मोबाइलवरून एक एको टाकायचा आणि टेल -एफनं (नव्या ओळी येतील तशा दाखवणारी कमांड) लॉग बघायचा. सकाळी तीच डिरेक्टरी, तेच व्हेरिएबल.

लॉग उशिरा येतो म्हणून मी पाइपला बऱ्याच शिव्या घातल्या, त्या मागे घेतो. समोर टर्मिनल नसलं की प्रोग्राम आउटपुट साठवून एकदम सोडतात. पायथनला -यू, बाकी बऱ्याच जणांना स्टडबफ -ओएल लावलं की आउटपुट साठून राहत नाही. पूर्ण स्क्रीन लागणारे विम आणि टॉप विसरा. सेशनमधून एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन) चालवलंत तर -एन लावा, नाहीतर पाइपातल्या पुढच्या ओळी तेच गिळून टाकतं. पाइपची परवानगी 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. त्यात जो लिहू शकेल तो तुमच्या नावानं काहीही चालवू शकेल.

आता कालचं. रात्री अडकलेल्या स्क्रिप्टा मारायला कुणीतरी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) ‘पीकिल स्लीप’, म्हणजे स्लीप नावाच्या प्रोसेस मारणारी कमांड, टाकलेलं. त्यात माझा स्लीपही गेला, टोक बंद, पीएसक्यूएल बाहेर, मागोमाग बॅश. एवढ्या मोठ्या कामाचा जीव एका झोपलेल्या प्रोसेसमध्ये ठेवायचा म्हणजे काय!

म्हणून स्लीपला कायमची सुट्टी. बॅश सुरू करताना ‘त्याहून लहान’ आणि ‘त्याहून मोठा’ ही दोन्ही चिन्हं जोडून (<>) पाइप दिला, की बॅश स्वतःच तो वाचायला आणि लिहायला उघडतं आणि इनपुट कधी संपतच नाही. बंद करायचं तर एक्झिट पाठवायचं. लिनक्सवर हे चालतं; पॉझिक्सनं (युनिक्ससारख्या प्रणालींचं मानक) याबद्दल काही ठरवलेलं नाही, तेव्हा दुसरीकडे वापरायच्या आधी तपासा.

क्रॉनमधली ती ओळ काढायला गेलो तर वर कॉमेंट होती, मार्चमधली, माझ्याच नावाची. अॅडमिनला पाठवायची लांबलचक मेल ड्राफ्टमध्येच पडून आहे.