भाड्याचा तंबू-संच : बामणोलीला उत्तम, चाळकेवाडीला हुकला

साताऱ्यात भाड्याने मिळणारा चौघांचा कॅम्पिंग संच घ्यावा का? जरूर घ्यावा, पण खुंट्या स्वतःच्या न्याव्यात आणि अंथरुणाची सोयही घरूनच करावी. संचात डोम तंबू, फोमच्या चार मॅट, चार स्लीपिंग बॅगा, चार्जिंगचा कंदील आणि एका बर्नरची गॅसची शेगडी येते. दोन रात्रींचं भाडं 1800 रुपये, अनामत 3000. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी बाहेर पडणाऱ्या मित्रमंडळींना तंबू विकत घेऊन माळ्यावर टाकण्यापेक्षा हे परवडतं. हे सगळं लिहिलंय ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांसाठी. पावसाळ्यात हा तंबू कासच्या बाजूला नेऊच नका. बाहेरच्या कव्हरवर 1500 मिमीचा शिक्का आहे, म्हणजे कापड पाण्याचा किती दाब अडवतं त्याचं माप. तेवढ्यावर दव आणि एखादी सर निभते, सह्याद्रीतली रात्रभराची झड नाही.

रस्ता ओळखीचाच. पहिला दिवस यवतेश्वरचा घाट, कास आणि बामणोली. दुसऱ्या दिवशी परत साताऱ्यात येऊन सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी. कास, बामणोली आणि चाळकेवाडी या तिन्ही ठिकाणची जमीन वेगळी, वारा वेगळा, त्यामुळे संचाची परीक्षा चांगली होते. पेट्रोल साताऱ्यातच भरून घ्या, पुढे त्याच्या भरवशावर राहू नका.

आधी ‘चौघांचा’ या शब्दाबद्दल. तंबूचा तळ 240 बाय 210 सेंमी, म्हणजे माणशी 60 सेंमी. एकाने कूस बदलली की बाकी तिघे जागे. सामान गाडीत ठेवलं तर चौघे मावतात, सॅक आत घेतल्या तर तिघेच. पाच-सहा जण असाल तर दोन तंबू घ्या, दाटीवाटी करू नका. आत माणसं जास्त झाली की श्वासाची वाफ कापडावर धरते आणि पहाटे डोक्यावर थेंब पडायला लागतात. तंबू गळतोय असं वाटतं, पण ते पाणी आतलंच असतं. दोन्ही बाजूंच्या वरच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवल्या आणि बाहेरचं कव्हर आतल्या कापडाला चिकटणार नाही इतकं ताणलं, तर हा त्रास बराच कमी होतो.

संच ताब्यात घेताना दुकानातच पूर्ण उघडायला लावा. फायबरच्या काड्या एकमेकींत घालून बघा. जोडाच्या धातूच्या नळीजवळ उभी चीर असेल तर ती काडी बदलून मागा. या काड्या मोडतात त्या बहुतेक एकाच कारणाने: टोक नळीत पुरतं बसलेलं नसतं आणि तसंच वाकवलं जातं. मग सगळा जोर काठावर येतो आणि फायबर उभं फाटतं. दाराची चेन चार-पाच वेळा वरखाली करा. तळाचं कापड उन्हासमोर धरलं की भोकं लगेच दिसतात. कव्हरच्या शिवणीवरची पट्टी सुटत आलेली असेल तर तो तंबू घेऊ नका. खुंट्याही मोजून घ्या, परत देताना हिशेब त्यांच्यावरूनच लागतो.

त्या खुंट्याच या संचातली सगळ्यात वाईट वस्तू आहे. पातळ तारेच्या, वीतभर लांब. कासच्या बाजूला जांभा दगड, त्यावर मातीचा जेमतेम थर. दोन घाव घातले की खुंटी खाली जाण्याऐवजी आकड्यासारखी वाकते. प्रत्यक्ष पठारावर तंबूचा विचारही करू नका. 2012 पासून ते जागतिक वारशाचा भाग आहे, आणि पायाखाली उघडा खडक दिसला तरी पावसाळ्यातल्या फुलांचं बी-कंद त्याच मातीच्या थरात असतात. मुक्काम करायचा तो आसपासच्या खाजगी जागेत, मालकाला विचारून. तिथेही जमीन तीच. हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची जाड खिळे आणि मोठे वॉशर घेऊन ठेवा, आणि एक हातोडी. जिथे खिळाही जात नाही तिथे दोरी कलिंगडाएवढ्या दगडाला गुंडाळायची आणि त्या दोरीवर दुसरा दगड ठेवायचा.

बामणोलीला मात्र संचाचं चीज होतं. गाव शिवसागर जलाशयाच्या काठी आहे, आणि शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा. पावसाळा संपला की पाणी हळूहळू उतरतं आणि काठाची गाळाची जमीन उघडी पडते. वरून ती वाळून भेगाळलेली दिसते, पण चार बोटं खाली ओली असते. तंबू पाण्याला लागून लावायचा मोह आवरा, निदान तीस-चाळीस मीटर वर या, गवत सुरू होतं तिथे. खालच्या अंगाला दव जास्त, गारठा जास्त आणि गाडी गाळात रुतली तर ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. मऊ जमिनीत खुंटी सरळ न ठोकता, तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकेल अशी तिरकी, साधारण 45 अंशांत ठोका. तरी उपटून येत असेल तर हातभर लांबीची जाड काठी मधोमध दोरीने बांधा, वीतभर खोल आडवी पुरा आणि वर माती दाबा. ती हलत नाही.

तळाखाली ताडपत्री अंथरायची ती तंबूच्या तळापेक्षा थोडी लहान. कडा बाहेर राहिल्या तर कव्हरवरून ओघळलेलं दव ताडपत्रीवर साचतं आणि तंबूच्या खालीच शिरतं. मोठी असेल तर कडा आत दुमडा. दार वाऱ्याच्या उलट बाजूला घ्या, मग पाण्याकडचं दृश्य दारातून दिसलं नाही तरी चालेल.

आता थंडी. जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो. संचातली स्लीपिंग बॅग त्याला पुरते, पण मॅट पुरत नाही. जेमतेम 6 मिमीचा फोम, वापरून वापरून चेपलेला. थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त लागते, आणि अंगाखाली दबलेल्या बॅगेतल्या कापसात हवा राहत नसल्यामुळे ती बाजू गार पडते. गाडीत जागा असतेच, घरची एकेक घोंगडी टाका आणि ती मॅटवर अंथरा. या एका गोष्टीने झोप लागते की नाही ते ठरतं.

शेगडी ठीक आहे. तिच्या डब्यात ब्युटेन असतो. उणे अर्ध्या अंशाच्या खाली तो वायू होतच नाही, आणि जळताना डबा स्वतःच गार होत जातो, म्हणून पहाटे ज्योत मंदावते. डबा रात्री पांघरुणात ठेवला तर सकाळचा चहा वेळेत होतो. डबा तापवायला दुसऱ्या आगीजवळ मात्र कधीच नेऊ नका. तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाही, कितीही थंडी असो, जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेकोटी मालकाने दाखवलेल्या जागीच करा. डिसेंबरनंतर गवत वाळतं आणि एका ठिणगीने डोंगर पेटतो. निघण्याआधी राखेवर पाणी ओतून हात लावून बघा.

बूट रात्री आत घ्या आणि सकाळी झटकूनच घाला, या भागात फुरसं हा विषारी साप असतो. उरलेलं अन्न बंद डब्यात घालून गाडीत ठेवा. पलीकडचा वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात आहे. तिकडे बामणोलीहून बोटीने जाता येतं, पण वनखात्याची परवानगी लागते आणि मुक्कामाला बंदी आहे. त्यामुळे तंबू बोटीत चढवू नका.

दुसऱ्या दिवशी सज्जनगडाला वेळ काढून दुपारच्या महाप्रसादाला थांबा. ठोसेघरचा धबधबा हिवाळ्यात बारीक झालेला असतो, दरी मात्र तेवढीच खोल, त्यामुळे थांबायला हरकत नाही. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या खडकाळ पठारावर, आडोसा नाही, आणि संध्याकाळनंतर वारा तंबू एका बाजूने दाबतो. काड्या आत वाकतात, कव्हर रात्रभर फडफडतं. चारही कोपऱ्यांच्या दोऱ्या बांधूनसुद्धा हा हलका डोम तिथे टिकाव धरत नाही. त्या बाजूला राहायचंच असेल तर सडा सोडून उताराखाली, झाडीच्या किंवा बांधाच्या आडोशाला या. नाहीतर दोन्ही रात्री बामणोलीलाच ठेवा आणि तिसऱ्या दिवशी चाळकेवाडीचा सूर्यास्त बघून साताऱ्यात उतरा. आमची पसंती त्यालाच.

संच परत देण्याआधी तासभर उन्हात वाळवा. ओला गुंडाळला की दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि अनामतीतून पैसे कापले जातात. गाळ ओला असताना पुसू नका, कापडात आणखी भिनतो. वाळू द्या, मग ब्रशने झाडा. वाकलेल्या खुंट्या दगडावर ठेवून हातोडीने सरळ करून द्या. आणि घेतानाच सगळ्या सामानाचे फोटो दुकानदारासमोर काढून ठेवलेले असले, तर आधीचा डाग तुमच्या नावावर लागत नाही.