कोथरूडमधलं दातांचं क्लिनिक, एक्सरेच्या बाबतीत बरंच व्यवस्थित
आईचं रूट कॅनल होतं. मशीनशेजारी भिंतीवर एईआरबीचं (एक्सरे मशीनवर देखरेख ठेवणारं सरकारी अणुऊर्जा नियामक मंडळ) रजिस्ट्रेशन लावलंय आणि डॉक्टर आल्या आल्या ओपीजी (अख्ख्या जबड्याचा मोठा एक्सरे) काढायला पाठवत नाहीत, आधी तोंड बघतात मग त्या एकाच दाढेचा छोटा एक्सरे. सेन्सर होल्डरमध्ये बसवून आईला चावून धरायला दिला, असिस्टंट बटण घेऊन दाराबाहेर (आधीच्या ठिकाणी मलाच बोटाने फिल्म धरायला लावलेली, कमाल आहे!). किरणांचा डोस साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक), निसर्गातून दिवसभरात मिळतो जवळपास तेवढाच, हेही न विचारता सांगितलं. लेड एप्रन (किरण अडवायला अंगावर घालतात तो) मात्र घडी घालून कोंबलेला, अहो घडीवर आतलं शिसं चिरतं, हँगरला टांगा की. पार्किंगची बोंब आहेच.